उभे पट्टे, आडवे बांध

आमच्या नऊ एकरांची वाटणी मी केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कोणाचा हे शोधत बसायला नको. वडील गेल्यावर आम्ही तीन भाऊ उरलो. थोरला मी, त्यातून मास्तर. गावातली दोन जाणती माणसं पंच म्हणून बसली होती, पण मोजणीची दोरी माझ्या हातात होती. जमीन वरच्या बाजूला रस्त्याला लागते आणि खालच्या बाजूला नाल्याला. रस्त्याकडचा तुकडा ज्याला मिळेल त्याची बैलगाडी थेट वावरात जाणार, नाल्याकडचा ज्याला मिळेल त्याला उन्हाळ्यातही पाणी. मग एकाला रस्ता आणि दुसऱ्याला पाणी असं कसं चालेल? मी तिन्ही पट्टे उभे पाडले, रस्त्यापासून थेट नाल्यापर्यंत. प्रत्येकाला तीन एकर, प्रत्येकाला रस्ता, प्रत्येकाला पाणी. बोट ठेवायला जागा ठेवली नाही. पंच म्हणाले, वाटणी असावी तर गुरुजींसारखी. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात चघळत होतो.

आमच्या शिवारात बहुतेकांच्या वाटण्या अशाच झालेल्या आहेत. टेकाडावर चढून पाहिलं तर दोरीवर शेजारी शेजारी धोतरं वाळत घातलीत असं वाटतं. आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीहून पुढे, जिथे सपाट काळी जमीन संपते आणि सातपुड्याच्या दिशेने हळूहळू चढ लागतो. चढ एवढा हलका की चालताना पायाला कळत नाही. पाण्याला मात्र बरोबर कळतो.

उभा पट्टा इतका चिंचोळा असतो की त्यात ट्रॅक्टर आडवा घातला तर नांगरण्यापेक्षा वळण्यातच वेळ जातो. ट्रॅक्टरवाला दर वर्षी तेच ऐकवायचा, "गुरुजी, आडवं मारं ते दिनभर लागी. उभं मारं ते दोन घंटामा मोकया." आणि आपण म्हणायचं, मार बाबा उभं. मग नांगराची तासं वरून खाली, पेरणीच्या ओळी वरून खाली, आणि पावसाच्या पाण्यालाही वरून खालीच जायचं असतं. आम्ही त्याला नऊ एकरभर पन्हळी करून दिल्या होत्या. पाणी काही रिकाम्या हाताने जात नाही. जाताना माती घेऊन जातं.

हे सगळं होत असताना नांगरणीचे चार दिवस सोडले तर मी तिथे नव्हतो. माझी नोकरी डोंगरात, काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यांवर. तिथली मुलं घरी भिली बोलायची, मी वर्गात पुस्तकी मराठी बोलायचो आणि माझ्या तोंडात जन्मापासून अहिराणी, त्यामुळे पहिली काही वर्षं आम्ही एकमेकांकडे पाहून नुसते हसायचो. पुढे जमलं. होळीला सारा डोंगर काठीच्या वाटेला लागायचा तेव्हा माझ्याही खोलीच्या दारावर कोणीतरी थाप मारून जायचं. एकटाच राहायचो. बायको गावात वडिलांची जमीन आणि घर सांभाळायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. आज ना उद्या निवृत्त होऊन गावात एकत्र राहू असं आम्ही दोघं म्हणत होतो, आणि मी निवृत्त व्हायच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली. म्हणजे मी आलो तेव्हा घर होतं, जमीन होती आणि बोलायला कोणी नव्हतं.

मधला भाऊ सुरतेला कापड बाजारात असतो. धाकटा पुण्यात, कंपनीत. दोघांनी आपापले पट्टे गावातल्या माणसांना कसायला दिले होते. ती माणसंही उभं नांगरून, उभं पेरून, जमेल तितकं पिकवून एकेक करून बाजूला झाली. "गुरुजी, वरच्या अंगाला आता काही नाही राहिलं," एवढंच म्हणाली. अशा रीतीने तिन्ही पट्टे पुन्हा माझ्या गळ्यात आले.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सकाळी उठून जायला ठिकाण झालं. घरी मी काय करायचो? दोन भाकरी थापायच्या, एक सकाळी खायची, एक संध्याकाळी. टीव्हीवर बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी सरकते, तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्याने सुधारायच्या. कित्येक दिवस असे जायचे की माझ्या घरात बोललं गेलेलं तेवढंच असायचं.

वावरात फिरताना एक गोष्ट लक्षात आली. वाटणीच्या वेळी मी हद्दीचे दगड पुरले होते, जमिनीवर जेमतेम वीतभर राहतील असे. आता वरच्या अंगाचे दगड गुडघ्याएवढे झाले होते आणि दोन तर कलले होते. आधी वाटलं, कोणी उपसायला बघतंय. मी शेजाऱ्यावर संशयही घेऊन मोकळा झालो. मग खाली बसून नीट पाहिलं. दगड होते तिथेच होते. त्यांच्या भोवतीची जमीन खाली गेली होती. मी त्या दगडांपाशी ऊन चढेपर्यंत बसून राहिलो.

मी कृषी कार्यालयात गेलो. आमच्या गावाचं काम एका बाईंकडे आहे, वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या, बोलायला तडक. फोनवर म्हणाल्या, "गुरुजी, मी गुरुवारी येते. आधी उतार बघू, मग बोलू." मी बुधवारी तलाठ्याकडे दोन खेपा घालून तिन्ही पट्ट्यांचे सातबारा उतारे काढले, झेरॉक्स केल्या, फायलीत लावल्या. गुरुवारी मॅडम आल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "अहो, उतारा नाही, उतार. जमीन कुठे उतरते ते बघायचंय." आयुष्यभर पोरांच्या काना-मात्रेवरून छड्या मारलेला माणूस मी, एका कान्याने तोंडघशी पडलो. पण आमच्याकडे जमिनीसंबंधी सरकारी माणूस तोंड उघडतो तो उताऱ्यासाठीच. जमीन उतरते का चढते, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी पाण्याची बाटली काढली आणि वरच्या टोकाला अर्धी ओतली. पाण्याची धार नांगराच्या तासात शिरली आणि शहाण्या मुलासारखी सरळ नाल्याकडे निघाली. मग त्यांनी पायाने तासाला आडवी मातीची वळी ओढली आणि उरलेलं पाणी ओतलं. पाणी वळीपाशी आलं, थबकलं, बाजूने रेंगाळत गेलं आणि वाटेतच जिरलं. "बस, एवढंच काम आहे," त्या म्हणाल्या. "मातीचे बांध घालू, उताराला आडवे. अगदी सपाट नाही, किंचित ढाळ देऊन. म्हणजे पाणी तुंबणार नाही, पळणारही नाही, चालत जाईल. शेवटच्या पट्ट्याच्या कडेने गवताचा एक चर काढू, त्यातून जास्तीचं पाणी नाल्यात."

मी विचारलं, "पण पट्टे तर उभे आहेत."

"तेच म्हणतेय. तिन्ही पट्ट्यांतून सलग जातील तरच बांध कामाचे. मधले उभे बांध मोडावे लागतील. तिघांची संमती लागेल, तिघांच्या सह्या. पावसाच्या आत झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणजे आणखी एक पावसाळा वरच्या अंगावरून जाऊ द्यायचा. तिथे नांगराचा फाळ आधीच मुरमाला लागत होता. त्याच्यानंतर पेरायला काही उरलं नसतं. मी हो म्हणालो आणि घरी येऊन घाबरलो.

घाबरलो भावांना. जी हद्द मी स्वतः आखून दिली, दगड पुरले, ती मोडा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय तो गवताचा चर धाकट्याच्या पट्ट्यातून जाणार, त्याची जमीन अडणार. वाटणीच्या वेळी त्याने एका बोरीच्या झाडावरून दोन दिवस अन्नपाणी सोडलं होतं. मी वहीत मुद्दे काढले. पहिला मुद्दा चूक कबूल करण्याचा. दुसरा जमीन कुणाची जाणार नाही, नाव जिथल्या तिथे राहील. तिसरा वडिलांचा. चौथा, अगदीच ऐकेना तर माझ्या पट्ट्यातून तेवढीच जागा त्याला देईन. आरशापुढे उभा राहून बोलूनही पाहिलं. मला वाटतं निवृत्तीनंतर इतक्या उत्साहाने मी कशाचीच तयारी केली नव्हती.

मधल्याला फोन लावला. मागे बाजाराचा कलकलाट, कोणीतरी गुजरातीत मीटर ओरडत होतं. मी पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर होतो. तो म्हणाला, "भाऊ, तुले जे बरं वाटस ते कर. मले काय इचारस? सही कथा करनी शे ते सांग." सही कुठे करायची, एवढंच. झालं.

धाकट्याने फोन उचलला नाही. मी त्याला सगळे मुद्दे मेसेजमध्ये लिहून पाठवले, शुद्धलेखनासह, दीड पानं. थोड्या वेळाने उत्तर आलं. एक पिवळा अंगठा. आमच्या वडिलांना अंगठा द्यायची आयुष्यभर लाज वाटली, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आम्हाला शिकवलं. त्यांच्या इंजिनिअर पोराने मला अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी सही केलेला कागदही पाठवला, आणि खाली दोन ओळी, की कधी विकायचं ठरलं तर सांग, एवढ्या लांबून बघणं होत नाही.

म्हणजे काम फत्ते. मॅडम म्हणाल्या, गुरुजी, नशीबवान आहात, लोकांच्या संमतीसाठी आम्ही वर्षवर्ष चपला झिजवतो. मी मान डोलावली आणि घरी येऊन वही मिटून ठेवली. मला रडू येत होतं, आणि का येतंय ते मला नीट माहीत होतं. मला भांडण हवं होतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं की माझ्या जमिनीला हात लावशील तर बघ. त्या बोरीसाठी दोन दिवस न जेवणारं पोरगं मला हवं होतं. ज्यांच्यासाठी मी दोरी धरून इंच इंच सारखं केलं, त्यांना त्यातलं काहीच नको झालं होतं. त्या नऊ एकरांत आता मी एकटाच मालक होतो आणि एकटाच भाऊ.

आम्हाला एक बहीणही आहे. तिचा विषय इतका वेळ निघाला नाही याचं वाचणाऱ्याला नवल वाटलं असेल, किंवा नसेलही. मला तरी त्या दिवसांत वाटलं नाही. आमच्याकडे वाटणीच्या वेळी बहीण येते, हक्कसोडीच्या कागदावर सही करते, साडीचोळी घेते आणि माहेर शाबूत राहिलं या समाधानात परत जाते. तिनेही तसंच केलं होतं. उताऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून संमतीच्या कागदावर नव्हतं, आणि म्हणून माझ्या डोक्यातही नव्हतं.

ती नंदुरबारला असते. तिचा नवरा मिरचीच्या पथारीवर, म्हणजे उघड्या माळावर लाल मिरची वाळत घालतात तिथे देखरेखीला आहे, आणि हंगामात तीही तिथे देठं खुडायला बसते. मिरचीच्या तिखट धुळीने तिचा घसा कायमचा बसलाय. सुरतेच्या वहिनीकडून तिला बांधांचं कळलं. मॅडम आखणी करायला येणार होत्या त्याच दिवशी सकाळी ती पहिल्या एस.टी.ने शहाद्याला आणि तिथून रिक्षाने गावात आली, आणि घरी न जाता चपला हातात घेऊन तडक वावरात.

मी आणि मॅडम तेव्हा नळीशी झुंजत होतो. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी असते, तीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची. एक काठी इथे, एक पंचवीस पावलांवर. दोन्ही टोकांना पाणी किती उंचीवर थांबतं ते पाहून जमिनीची पातळी कळते, आणि तिथे पांढरी फक्की टाकून खूण करायची. दोन काठ्यांना दोन माणसं आणि लिहायला, फक्की टाकायला तिसरं लागतं. आम्ही दोघंच होतो. मॅडम काठी जमिनीत रोवून वहीकडे पळायच्या, काठी पडायची, नळीत बुडबुडा शिरायचा, पुन्हा पहिल्यापासून.

"मले कसाले नही सांगं?" मागून आवाज आला. बसलेला, घोगरा, पण ओरडण्यात कसर नाही.

मी म्हणालो, "अगं बाई, तू कशी काय?"

"मले कसाले नही सांगं ते सांग."

मी मास्तरी सुरात समजावायला गेलो. कागदावर तिघांचीच नावं, कार्यालयाला तिघांच्याच सह्या लागतात, उगाच तुला कशाला त्रास. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "कागदवर नाव नही ते मी मरी गऊ का?"

मॅडमनी वहीत डोकं घातलं. तिला आता थांबायचं नव्हतं. "मी तवय सांगेल व्हतं, आडवं कापा. पानी वरथून खाले जास, पट्टाबी वरथून खाले कसाले पाडतस? सांगेल व्हतं का नही?"

मी म्हणालो, मला आठवत नाही.

मला आठवत होतं. पंच ओट्यावर बसले होते, दोरी माझ्या हातात होती, आणि ती चहाचं ताट घेऊन दारात उभी राहून बोलली होती. लग्नाआधी बारा वर्षं त्या वावरात निंदणी-खुरपणी तिने केली होती. आम्ही भाऊ शाळेत होतो. पाणी कुठून शिरतं आणि कुठे घळ पडते हे तिच्या पायांना माहीत होतं. ती म्हणाली होती की आडवे तुकडे करा, वरच्याला गाडीवाट द्या आणि खालच्याला पाण्याची, आपसात वाट देता येते. पंच हसले. मी म्हणालो होतो, तू चहा बघ. मला ते शब्दान् शब्द आठवत होतं. आणि उघड्या पडलेल्या दगडांपाशी मी ऊन चढेपर्यंत बसून राहिलो होतो तो नुसता मातीसाठी नव्हे.

"आठवतं," मी म्हणालो. "तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

तिची तयारी माझ्या नाकबुलीशी भांडायची होती, कबुलीचं काय करायचं ते तिला समजेना. शेवटी तिने चपला बोरीखाली ठेवल्या, पदर खोचला, आणि पडलेली काठी उचलली. "आनि हाई काय धरेल शे तुम्ही? नयीमा बुडबुडा शे. आधी तो काढ."

तो दिवस माझ्या गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत गोंगाटाचा दिवस. ती एका टोकाला, मी दुसऱ्या, मॅडम फक्कीची पाटी घेऊन मध्ये. मी हललो की ती ओरडायची. काठी तिरपी झाली की ओरडायची. पाणी स्थिर झालं की "थांबनं!" म्हणून ओरडायची, आणि मॅडम खाली वाकून पांढरी खूण करायच्या. कोणी माझ्यावर इतकं ओरडलं त्याला युगं लोटली होती. मी मुद्दाम दोनदा काठी तिरपी धरली, हे तिला कळलं असेल का कोण जाणे. उभे बांध ओलांडून फक्कीची रेघ एका पट्ट्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली, जराशी वळत, मध्ये कुठेही न तुटता. दुपारी बोरीखाली बसून तिघांनी तिने आणलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी काढलं त्या ठेच्याने. बहीण म्हणाली, नंदुरबारची मिरची शे, सरकारले नही भीत.

उन्हं कलताना मॅडमनी आखणीचा कागद भरला. माझी सही घेतली. दोघा भावांच्या सह्या जोडलेल्याच होत्या. बिचारीने सरळ मनाने पेन बहिणीपुढे धरला, "आत्या, तुमचीही घेते, हजर होता म्हणून."

बहिणीने पेन हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत दिला. "मन्ही सही यास्नी मांगेच लई लिधी," ती म्हणाली. हक्कसोडीच्या कागदावर घेतलेली ती. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधेपणाने बोलली, बस किती वाजता आहे हे सांगावं तशी. शेवटच्या एस.टी.ला मी तिला सोडायला गेलो. वाटेत दोघंही पिकापाण्याबद्दलच बोललो.

पुढचं काम जेसीबीने चार दिवसांत उरकलं. उभे बांध मोडले, हद्दीचे दगड मी स्वतः उपटून कडेला रचले, आडवे बांध उभे राहिले. ट्रॅक्टरवाल्याला आडवं नांगरायला लावलं तेव्हा तो वळताना नेहमीपेक्षा कमी कुरकुरला, कारण आता तीन पट्ट्यांचं एक लांबरुंद वावर झालं होतं. सलग नऊ एकर मी वडिलांच्या हयातीनंतर पहिल्यांदाच पाहत होतो. छान दिसत होतं. शेजारी उभं राहून ते छान दिसतंय म्हणायला कोणी असतं तर आणखी छान दिसलं असतं.

जुलैत एके दिवशी दुपारभर जोराचा पाऊस झाला. थांबल्यावर मी गेलो. वरच्या बांधाशी गढूळ पाणी साचून सावकाश सरकत होतं, त्याच्याखालच्या बांधाशी त्याहून निवळ, आणि गवताच्या चरातून नाल्यात पडत होतं त्यात हात घातला तर बोटं दिसली. शेजारच्या वावरातून मात्र चहाच्या रंगाची धार चालली होती. मी तिथूनच बहिणीला फोन केला. इतक्या जोरात बोललो की तिला आधी वाटलं काही अपघात झाला. सगळं सांगून झालं, आणि मग मनात महिनाभर घोळत होतं तेही बोलून टाकलं. म्हटलं, बाई, माझा पट्टा मी तुझ्या नावावर करून देतो. मला पुढेमागे कोणी नाही. तलाठ्याकडचं, कचेरीतलं सगळं मी बघतो, तू फक्त हो म्हण.

तिकडे ती खोकली. मग म्हणाली, "आते कोठे वावर एक व्हयनं, आनि तू परत कापाले बठना?"

मी म्हटलं, कापायचं नाही गं, कागदावर नाव लावायचं.

"तेच ते. मले वावर नको, भाऊ. मले इचारत जाय." आणि फोन ठेवला.

हे ऐकायला सोपं वाटतं. विचारत जा. पण विचारायचं काय? मी आठवून पाहिलं, आयुष्यात कोणाला काही विचारल्याचं आठवेना. बायकोला मी सांगायचो. वर्गात विचारायचो, पण ते ज्याचं उत्तर मला ठाऊक असायचं तेच. चार दिवस गेले. रोज फोन हातात घ्यायचो आणि नुसती खुशाली विचारायला कसनुसं वाटायचं, तिला हवं होतं ते हे नव्हतं. शेवटी पाचव्या दिवशी सुचलं. फोन लावला आणि म्हटलं, "बाई, नव्या बांधांवर काय लावू?"

तिने सावधपणे विचारलं, "अजून काही लायं नही का?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं?"

"तुला विचारल्याशिवाय कसं लावू?"

मग ती जी सुटली. आंबाडी लाव म्हणाली. माती धरून ठेवते, वर भाजीला होते, बोंडांची चटणी होते, गुरं तोंड लावत नाहीत. बियाणं नंदुरबारहून ती पाठवेल, गावातलं घेऊ नको, ते जुनं असतं. बांधाच्या माथ्यावर नको, पाणी येतं त्या अंगाला लाव. दोन बोटं खोल, जास्त नको. दाट झाली तर कोवळी असताना उपटून भाजी कर, तुला करता येत नसेल तर मी येते. मी मध्येमध्ये हो, हो म्हणत होतो आणि तिला विचारायला आणखी काही सापडतंय का ते शोधत होतो. आमचं ते बोलणं मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर वावरात गेलो. बांधांवर तूर होती. जेसीबी गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच मी ती टोकून टाकली होती, कोणाला न विचारता, नेहमीसारखी. चार बोटं वर आली होती, चांगली तरारलेली, एकही दाणा वाया गेला नव्हता. वरच्या बांधापाशी मी उकिडवा बसलो आणि पहिलं रोप उपटलं.